गावच्या घरचे कॅमेरे शहरातून बघायला स्टॅटिक आयपी विकत घ्यावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: गावी आईवडील, घराला चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर, म्हणजे त्यांचं चित्रण साठवणारा डबा. तुम्ही ठाण्यात. व्हिडिओ बघून डीव्हीआरला १९२.१६८.१.१०८ असा स्टॅटिक आयपी (यंत्राचा न बदलणारा नेटवर्कवरचा पत्ता) दिलात, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलंत, तरी बाहेरून काहीच दिसत नाही. आणि इंटरनेटवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे महिन्याला वेगळे पैसे. तर घ्यावा का?

नका घेऊ. निदान मी पुढे सांगतो ते करून बघेपर्यंत तरी नको. मी पुण्यात बसून राजापूरजवळचं आमचं घर चार वर्षं असंच बघतोय आणि स्टॅटिक आयपीपोटी आजवर एक रुपया दिलेला नाही.

गोंधळ 'स्टॅटिक' या शब्दाचा आहे. तुम्ही डीव्हीआरला दिलात तो घराच्या आतला पत्ता, खोली नंबर ८ म्हणा. खोली नंबर ८ गिरगावातल्या प्रत्येक चाळीत असते. नुसतं तेवढं लिहून टाकलेलं पत्र पोस्टमन कुठे नेणार? १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते, तसेच १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले, हे जगातल्या कुठल्याही घराने आतल्या आत फुकट वापरावेत म्हणून बाजूला काढून ठेवलेले आहेत. इंटरनेटवाला विकतोय तो चाळीचा रस्त्यावरचा पत्ता. एकाचा दुसऱ्याशी संबंध फक्त पोर्ट फॉरवर्डिंगपुरता: या चाळीच्या दारावर अमुक नंबरची थाप पडली की माणसाला खोली आठकडे पाठवा, एवढंच ते सांगतं.

आता खरी मेख. तुमच्या घराला स्वतःचा रस्त्यावरचा पत्ता बहुधा नाहीच.

आधी हे तपासा. राउटरच्या पानावर लॉगिन करा, स्टेटस किंवा वॅन असं काही लिहिलेलं असेल तिथे राउटरला बाहेरून मिळालेला आयपी दिसेल. मग त्याच वायफायवर फोनच्या ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' असं शोधा. दोन्ही आकडे सारखे आले तर तुम्ही नशीबवान. राउटरवरचा आकडा १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, किंवा सरळ १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. मग पोर्ट फॉरवर्डिंग जन्मभर करत बसलात तरी काही होणार नाही. (१९२.१६८ दिसलं तर भानगड वेगळी: कंपनीच्या डब्याच्या मागे तुम्ही स्वतःचा दुसरा राउटर लावलाय. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो नुसती जोडणी पुढे देईल, आणि पुन्हा बघा.)

सीजीनॅट म्हणजे काय हे ज्यांनी पीपी नंबर पाहिलाय त्यांना लगेच कळेल. घरी फोन नसायचा तेव्हा लोक व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा किंवा वाण्याचा नंबर छापायचे आणि पुढे 'पी.पी.' लिहायचे. तुम्हाला कुणाला फोन करायचा तर वाण्याकडे जाऊन खुशाल करा. पण बाहेरून तुमच्यासाठी आला तर वाण्याने पोऱ्या पिटाळला पाहिजे. सीजीनॅटमध्ये कंपनी शेकडो घरांना मिळून एकच नंबर देते आणि हा वाणी पोऱ्या पिटाळत नाही. आलेला फोन कुणासाठी हे त्याला माहीतच नसतं, तो ठेवून देतो. तुमची पोर्ट फॉरवर्डिंगची चिठ्ठी तुमच्या स्वतःच्या दारावर आहे. वाण्याच्या दुकानात ती कुणी वाचत नाही.

कंपन्या हे मुद्दाम छळायला करत नाहीत. आयपीव्ही४ चे, म्हणजे वर दिसतात तसल्या चार आकड्यांचे, पत्ते जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झालं. २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा पट्टा खास या पीपी धंद्यासाठीच राखून ठेवला गेला. जी कंपनी उशिरा आली तिच्याकडे वाटायला पत्तेच नाहीत, म्हणून असलेल्याचे ती पैसे लावते.

बरं, डीव्हीआरचा आतला पत्ता पक्का हवाच, तेवढं तुम्ही बरोबर केलंत. फक्त जागा चुकली. तो डीव्हीआरच्या मेनूत हाताने भरण्याऐवजी राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करा: डीव्हीआर ऑटोमॅटिकवर ठेवायचा आणि राउटरला सांगायचं की या मॅक ॲड्रेसला (यंत्राच्या कायमच्या ओळख क्रमांकाला) कायम हाच आयपी द्यायचा. फरक काय पडतो? आमच्याकडेही हाताने १०८ च भरला होता. राउटर मात्र १०० पासून ओळीने पत्ते वाटायचा. एरवी घरात दोन फोन आणि एक टीव्ही, त्यामुळे वर्षभर काही बिघडलं नाही. गणपतीला मुंबईहून सगळे आले, पोरांचे फोन वायफायवर चढले आणि कॅमेरे गायब. विसर्जन झालं, पाहुणे गेले, कॅमेरे परत. बाबा म्हणाले, 'गर्दीने लोड येत असेल.' लोड कसला! नवव्या उपकरणाला राउटरने १०८ देऊन टाकला होता, आणि एका खोलीत दोन बिऱ्हाडं. हे माझ्या लक्षात यायला पुढचा गणपती उजाडला.

आता बाहेरून आत कसं शिरायचं.

फक्त कॅमेरेच बघायचे असतील तर सगळ्यात सोपं: डीव्हीआर बनवणाऱ्याचं ॲप घ्या, डीव्हीआरच्या मेनूतला क्यूआर स्कॅन करा, संपलं. इथे डीव्हीआर स्वतःच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसतो, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. तोटा एवढाच की तुमच्या पडवीचं चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरच्या भरवशावर राहतं. ज्याला ते चालतं त्याने पुढचं वाचायची गरज नाही, खरंच.

मला चालत नव्हतं, शिवाय मला बाबांचा संगणक, प्रिंटर आणि राउटरचं पानही इथून उघडायचं होतं. त्यासाठी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटमधून थेट घरात नेणारा खाजगी बोगदा. घरात एक छोटं यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक, पुढे नुसतं 'पाय') किंवा जुना लॅपटॉप, आणि त्याने आतून बाहेर जोडणी करायची. मी टेलस्केल वापरतो. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या तंत्रावर बांधलेलं आहे, घरगुती वापराला फुकट आहे आणि त्याला स्टॅटिक आयपी, पोर्ट फॉरवर्डिंग काहीही लागत नाही. गावच्या पायवर टाका, स्वतःच्या फोनवर टाका, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. डीव्हीआरवर हे सॉफ्टवेअर चढत नाही, म्हणून पायला 'सबनेट राउटर' करायचं. म्हणजे घरातल्या बाकी पत्त्यांकडे जायचा रस्ता माझ्यातून आहे असं त्याने जाहीर करायचं आणि तुम्ही टेलस्केलच्या ॲडमिन पानावर त्याला मंजुरी द्यायची. मंजुरी द्यायला हमखास विसरतात. टेलस्केल स्वतःसुद्धा उपकरणांना १०० ने सुरू होणारेच पत्ते देतं, त्याच राखीव पट्ट्यातले. तेव्हा सीजीनॅट तपासताना फोनमधला आकडा बघू नका, राउटरच्या पानावरचाच बघा.

दोन ठिकाणी मी आपटलोय, तुम्ही आपटू नका.

पहिलं: पुण्याच्या घरीही १९२.१६८.१ आणि गावीही १९२.१६८.१. मग माझा लॅपटॉप १०८ ला शोधायला गेला की याच घरात शोधायचा आणि इथे १०८ कुणीच नसायचं. मोबाइल डेटावर सगळं चालायचं, घरच्या वायफायवर नाही. दोन रात्री मी टेलस्केलला शिव्या देत होतो. गावच्या राउटरचा आतला पट्टाच बदलून टाका, १९२.१६८.४७ असं काहीतरी आडनिडं घ्या. हे काम मात्र गावी प्रत्यक्ष बसून करा. दुरून कराल तर ज्या फांदीवर बसलात तीच तोडाल. पट्टा बदलल्यावर रिझर्व्हेशनही नव्याने करावं लागतं.

दुसरं: टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राची किल्ली ठरावीक दिवसांनी संपते, मुळात ती मुदत १८० दिवसांची असते. फोनला ठीक आहे, पुन्हा लॉगिन करता येतं. गावच्या पायसमोर कोण बसणार? जानेवारीत लावलेला पाय बरोब्बर जुलैत गप्प झाला. बाबांना फोनवरून तीनदा पेटी बंद-चालू करायला लावली, वायर बदलायला लावली, शेवटी भर पावसात घाट उतरून गेलो आणि दोन मिनिटांत लॉगिन करून मोकळा झालो. आईने आंबोळ्या केल्या एवढाच फायदा. त्या यंत्रापुरती ही मुदत ॲडमिन पानावरून बंद करता येते. लावल्या दिवशीच करा.

कुणाच्या सेवेवर अजिबात विसंबायचं नसेल तर नुसतं वायरगार्डही लावता येतं. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. पण त्याला निदान एका टोकाला खरा पत्ता लागतो: तुमच्या राउटरला असला तर उत्तम, नाहीतर महिन्याच्या भाड्याने एखादा छोटा सर्व्हर. खरा पण बदलता पत्ता असेल तर डकडीएनएससारखं फुकट डायनॅमिक डीएनएस वापरायचं. पत्ता बदलला तरी नाव तेच राहतं. म्हणजे तिथेही स्टॅटिक आयपी नकोच. सीजीनॅटमागच्या टोकाला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' (जोडणी जागती ठेवणारी सेटिंग) २५ सेकंद ठेवा, नाहीतर वाणी थोड्या वेळाने तुमची लाइन कापतो.

आयपीव्ही६ चं, म्हणजे पत्त्यांच्या नव्या, भरपूर मोठ्या पद्धतीचं काय, असं कुणीतरी खाली विचारेलच. भारत त्यात जगात आघाडीवर आहे आणि तुमच्या जोडणीवर ते असेलही. पण जुन्या डीव्हीआरला ते कळत नाही आणि बहुतेक राउटर बाहेरून येणारं आयपीव्ही६ अडवून धरतात. डीव्हीआरसाठी तरी त्यांनी ते अडवलेलंच बरं.

का बरं, ते सांगतो. समजा उद्या खरा पत्ता मिळाला आणि पोर्ट फॉरवर्डिंग चालायला लागलं, तरी डीव्हीआर उघड्यावर ठेवू नका. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक प्रोग्रामने नेमकी हीच उपकरणं पकडली होती, कॅमेरे, डीव्हीआर, राउटर. पद्धत काय, तर कारखान्यातून येणारे साठेक ठरलेले पासवर्ड ओळीने लावून बघायचे. त्या फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत कित्येक मोठ्या साइट्स तासन्‌तास उघडत नव्हत्या. कुणाच्या तरी माजघरातल्या डीव्हीआरने हे केलं!

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं तर नावच काढू नका. माझ्या मामेभावाने दुकानाच्या हिशेबाचा संगणक घरून उघडायला ३३८९ पोर्ट बाहेर मोकळं केलं. कुणीतरी सांगितलं नंबर बदल, म्हणून नंबर बदलला. एका सोमवारी सकाळी सगळ्या फायलींची शेपटं बदललेली आणि स्क्रीनवर बिटकॉइनची मागणी. बॅकअप दिवाळीचा, आणि हे घडलं मार्चमध्ये! पोर्टचा नंबर बदलल्याने चोराला दार सापडत नाही हा भ्रम आहे. ती यंत्रं सगळीच दारं वाजवत फिरतात. रिमोट डेस्कटॉप वापरा, पण व्हीपीएनच्या आतून. तुम्ही केलेलं फॉरवर्डिंग आजच काढा, राउटरमधलं यूपीएनपी बंद करा, म्हणजे डीव्हीआर तुमच्या नकळत स्वतःच दार उघडणार नाही. आणि डीव्हीआरचा पासवर्ड बदला.

मग स्टॅटिक आयपी घ्यायचा कुणी? ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर ठेवणाऱ्याने, किंवा समोरची पार्टी 'ठरलेल्या पत्त्यावरूनच आत घेऊ' म्हणते त्याने. कॅमेऱ्यांसाठी नाही.

चित्र अडकत आलं तर ॲपमध्ये सबस्ट्रीम (कमी स्पष्ट पण हलकं चित्र) निवडा, गावची अपलोड गती बेताचीच असते. राउटर, फायबरचा डबा आणि पाय तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. आमच्याकडे आधी फक्त राउटर घेतला होता आणि लाइट गेली की वायफायच्या पाच कांड्या दिसायच्या, इंटरनेट शून्य. आणि चाचणी नेहमी मोबाइल डेटावर करा. घरच्या वायफायवरून घराचाच बाहेरचा पत्ता उघडायला गेलं तर बरेच राउटर ते वळवून आत आणत नाहीत, आणि चालू असलेली गोष्टही बंद वाटते.

राउटरच्या पानावर काय दिसलं ते खाली कळवा, पुढचं त्यावरून सांगतो. पूर्ण पत्ता इथे टाकू नका, पहिले दोन आकडे पुरेत.