सीडरच्या कुंपणावर काळे ओघळ

प्रश्न : सिएटलजवळ आमच्या परसात रेड सीडरच्या लाकडाचं सहा फुटी कुंपण आहे. खिळ्यांखाली काळे ओघळ आलेत, दोन खांबही हलतात. सगळंच बदलावं का?

उत्तर : फळ्या ठणठणीत असतील तर मुळीच नको. सीडरमधलं टॅनिन (लाकडातलं नैसर्गिक तुरट द्रव्य) ओलाव्यात लोखंडाला भिडलं की काळं पडतं. साध्या किंवा पातळ मुलाम्याच्या खिळ्यांनी हे होणारच. ते काढून स्टेनलेस स्टीलचे मारा. डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या डेक ब्राइटनरने (लाकूड उजळवणाऱ्या क्लीनरने) जातात. हातमोजे आणि गॉगल घाला, नंतर भरपूर पाण्याने धुवा.

हलणारा खांब बहुधा जमिनीलगतच कुजलेला असतो. ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात, बुरशीला आणखी काय हवं! सीडरचा टिकाऊपणा गाभ्याच्या लाकडात असतो, बाहेरच्या पांढरट थरात नाही. म्हणून नवा खांब जमिनीत पुरण्यासाठीचा प्रेशर-ट्रीटेड (दाबाखाली कूजरोधक मुरवलेला), चार बाय चार इंची, आठ फूट लांब घ्या. खणण्यापूर्वी काही दिवस ८११ या अमेरिकेतल्या मोफत सेवेला फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घ्या. खड्डा अडीच फूट, तळाशी सहा इंच खडी, वर काँक्रीट. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवा. फळ्यांची टोकं मातीपासून दोन इंच वर हवीत.

पाण्याचे थेंब लाकडात मुरू लागले की अर्धपारदर्शक ऑइल स्टेन (लाकडात मुरणारा तेलकट रंग) लावा, पुढे दर दोन-चार वर्षांनी. ऑइलपेंट नको, त्याचे पापुद्रे निघतात. स्प्रिंकलरचं पाणी फळ्यांवर उडत असेल तर आधी त्याचं तोंड फिरवा.