फुटबॉल संघाचं फॅन पेज वेगवेगळ्या स्क्रीन रिझोल्यूशनवर नीट दिसावं म्हणून डिझाइन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचं पान लॅपटॉपवर, १३६६ बाय ७६८ ला, झकास बसतं, पण मोबाइलवर आडवं सरकवावं लागतं. म्हणून कुठकुठल्या रिझोल्यूशनसाठी वेगळं डिझाइन करायचं याची यादी हवी आहे. यादी करूच नका. ज्या फोनच्या खोक्यावर १०८० बाय २४०० छापलेलं असतं, तो ब्राउझरला आपली रुंदी बऱ्याचदा ३६० ते ४१२ च्या दरम्यान सांगतो. काचेवरचा पिक्सेल वेगळा, सीएसएसचा, म्हणजे पानाची मापं नि रूप ठरवणाऱ्या भाषेचा, वेगळा. खोक्यावरचे आकडे गोळा करून हाती काही लागत नाही.

व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्याच रुंदीत मांड असं ब्राउझरला सांगणारी ओळ, नसेल तर फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरतो आणि सगळं आकसून दाखवतो. तुमचं पान आकसत नाही, आडवं सरकतंय. म्हणजे टॅग बहुधा आहे, पण आत कुठल्यातरी डिव्हला, म्हणजे पानाच्या चौकटीला, १२०० वगैरे पक्की रुंदी दिलेली आहे. तिथे विड्थच्या जागी मॅक्स-विड्थ लिहा, म्हणजे जागा कमी पडली की चौकट अरुंद होईल. चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. तुमचं निम्मं दुखणं इथेच जाईल.

आता फॅन पेजचं म्हणाल, तर यावरून माझं आतेभावाशी जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही.

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, या संघांची नुसती नावं घेतली तरी माणसं सरसावून बसतात. इथे संघ तालमींचे असतात; माझ्या तालमीचं नाव इथे घेत नाही, विषय भलतीकडे जाईल. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पोरापोराच्या हातात नेट खेळायला लागलं. २०१७ ला आपल्या अनिकेत जाधवने सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताची जर्सी घातली, मग तर पेठांमध्ये वारंच संचारलं. तालमीत ठरलं की आपल्या संघाचं पान झालं पाहिजे. काम गेलं आतेभावाकडे, कारण तो फ्लेक्स करतो.

त्याने फ्लेक्सच केला. कोरल ड्रॉमध्ये एक लांबरुंद चित्र. वर डरकाळी फोडणारा वाघ, मागे ज्वाळा, खाली खेळाडूंचे कापलेले फोटो, सामन्यांचं वेळापत्रक, गोल कुणी कितव्या मिनिटाला मारला ते सगळं त्याच चित्रात. एकच जेपीजी, तीच पानावर चिकटवलेली. तालमीतल्या कॉम्प्युटरवर उघडलं तेव्हा जुनी मंडळी खूश. "लई भारी झालंय की!"

मी खिशातला फोन काढला, तेच पान उघडून आमच्या आबांच्या हातात दिलं. म्हटलं, "आबा, दुसरा गोल कुणी मारला, वाचा बघू." आबांनी फोन लांब धरला, जवळ घेतला, दारातल्या उजेडात नेला. वाघ दिसत होता, नाव दिसत नव्हतं. "आरं, चष्मा आण जा माझा," म्हणाले. चष्मा लावूनही नाव लागेना. आतेभाऊ म्हणाला, "बोटांनी मोठं करून बघायचं की, त्यात काय!" मोठं केलं तर अक्षरं फुटली. मी म्हटलं, "दादा, फ्लेक्स चौकात एका जागी उभा असतो, माणूस त्याच्यापुढून जातो. पान माणसाच्या खिशातून जातं, ते खिशाच्या मापाचं व्हायला नको?" तर म्हणाला, "तुला डिझाइनमधलं काय कळतंय?"

त्याच आठवड्यात मी दुसरं पान लिहून नेलं. सगळा मजकूर चित्रात नाही, युनिकोड देवनागरीत टाइप केलेला, वर आजचा स्कोअर, खाली वेळापत्रक, मग खेळाडू. आबांनी ते बिनचष्म्याचं वाचलं. आणि म्हणाले, "हे वाचाय येतंय खरं, पण ह्यात वाघ कुठाय?" मत फिरलं. तालमीने फ्लेक्सच ठेवला.

वाघालाही जागा करता येते, हे त्या दिवशी कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. पिक्चर टॅगमध्ये दोन चित्रं द्या: रुंद स्क्रीनला आख्खा वाघ, फोनला नुसता चेहरा, उभा कापलेला. ब्राउझर जागा बघून एकच उतरवून घेतो. स्टेडियम भरलं की गॅलरीत नेट आधीच रांगतं, तिथे पाच एमबीची जेपीजी उघडेपर्यंत हाफ टाइम संपतो. मजकूर चित्रात कधीच घालू नका. तो धड शोधता येत नाही, सहज कॉपी होत नाही, स्क्रीनबरोबर नव्या ओळीवर उतरत नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याचा फोन तो नीट वाचूनही दाखवू शकत नाही. हे माझ्या मनाचं खूळ नाही. इथन मार्कोट या वेब डिझायनरने २०१० च्या मे महिन्यात रिस्पॉन्सिव्ह डिझाइन हे नाव देऊन लवचिक ग्रिड (रकान्यांची मांडणी), लवचिक चित्रं आणि मीडिया क्वेरी (स्क्रीन अमुक रुंदीची असेल तर अमुक मांडणी, असा सीएसएसमधला नियम) अशी तीन गोष्टींची मांडणी केली. आमचा वाद व्हायच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला होता.

मराठी पान असेल तर आणखी बघा. बटणाला किंवा पट्टीला पक्की उंची देऊ नका. अरुंद स्क्रीनवर नाव दोन ओळींत गेलं की वरचा रफार, वेलांटी नाहीतर खालचा उकार छाटला जातो. लाइन-हाइट १.६ च्या आसपास ठेवा. लेटर-स्पेसिंग वाढवू नका, शिरोरेघ तुटून अक्षरं सुटी सुटी दिसतात. गुणतक्त्यात 'उपांत्यपूर्व' असा शब्द एका रकान्यात आला की ३६० च्या स्क्रीनवर तक्ता बाहेर ढकलला जातो. तक्त्याभोवती डिव्ह घालून त्याला ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे तक्ता आतल्या आत सरकेल, पान जागचं हलणार नाही.

मीडिया क्वेरी किती आकड्यांवर लावायच्या? पान आधी सर्वांत अरुंद करून लिहा, मग ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करा. जिथे पान विसविशीत दिसायला लागेल तिथे क्वेरी टाका. एका साध्या फॅन पेजला दोन पुरतात. खेळाडूंच्या फोटोंना ग्रिडचं ऑटो-फिट आणि मिनमॅक्स लावलं, म्हणजे एका ओळीत मावतील तेवढे फोटो ब्राउझरच बसवतो, तर तिथे तेवढीही लागत नाही.

हां, मोठ्या मॉनिटरचं राहिलंच. १९२० पिक्सेल रुंद स्क्रीनवर मजकूर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरू देऊ नका, ७०० पिक्सेलच्या आसपास अडवा. आणि फ्लेक्सवाल्यांना मी कमी लेखत नाही. आतेभावाचा रंगांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, तो वाघ खरोखर देखणा होता. तुमच्याकडे असा कुणी असेल तर चित्रं त्याच्याकडूनच करून घ्या, फक्त थरांसकट मूळ फाइल मागा आणि नावं, तारखा, स्कोअर स्वतः टाइप करा. दादा, तू हे वाचत असशील तर आपल्या तालमीच्या पानासाठीही माझं एवढंच मागणं आहे: वाघ तुझा राहू दे, गोल मारणाऱ्या पोरांची नावं मला लिहू दे.