कल्ला उचलून बघ

रायबंदर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा वाचला. ‘टी७ विषाणूचे आरएनए पॉलिमरेज डीएनएत किल्लीसारखे बसते’ हे वाक्य मी खोडले आहे. त्यातून काही कळतच नाही ग!

पणजीच्या बाजारात इसवण घेताना तुझी आई मासा चिरून बघते का? कल्ला उचलते, रंग बघते, झाले. हे विकरही (जिवाणूंना लागणाऱ्या टी७ विषाणूचे ते पॉलिमरेज, डीएनएवरून आरएनए बनवणारे) आधी डीएनए उघडत नाही, कडेने वाचते. डीएनएच्या गोफावरच्या रुंद खाचेत, म्हणजे मेजर ग्रूव्हमध्ये, बेस-जोड्यांच्या (ए, टी, जी, सी या अक्षरांच्या जोड्यांच्या) कडा उघड्या असतात आणि एटी, टीए, जीसी, सीजी अशा चारही जोड्या तिथे वेगळ्या ओळखू येतात. अरुंद खाचेत, म्हणजे मायनर ग्रूव्हमध्ये, मात्र एटी कुठली आणि टीए कुठली हे सांगणे कठीण. सीमन, रोझेनबर्ग आणि रिच यांचा १९७६चा लेख आधी वाच, मगच पुढचे.

आता प्रमोटरला, म्हणजे आरएनए कुठून सुरू करायचे ते सांगणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला, चिकटलेल्या या विकराची १९९९ साली प्रसिद्ध झालेली रचना उघड. ८८३ अमिनो आम्लांची ही एकच साखळी (जिवाणूंच्या पॉलिमरेजला पाचसहा जण मिळून लागतात, हे विषाणूचे एकटेच सगळे उरकते). प्रमोटरच्या वरच्या, एटींनी भरलेल्या टोकाला विकराची एक लूप (साखळीचा वळसा) मायनर ग्रूव्हमधून टेकते. खरी पारख मेजर ग्रूव्हमध्ये घुसलेली दुसरी लूप करते. तिच्यावरचे ७४८ क्रमांकाचे अमिनो आम्ल, अस्परॅजिन, −१० आणि −११ या जागा (आरएनए सुरू होते तिथून मागे मोजलेल्या) तपासते. मग −५च्या खाली २३७चे व्हॅलिन पाचरीसारखे बसते आणि दोन धागे तिथून सुटू लागतात.

अस्परॅजिनपाशी जरा रेंगाळ. त्याच्या शेंड्याला एका बाजूला ऑक्सिजन, दुसऱ्या बाजूला नायट्रोजन. २.४ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईच्या क्ष-किरण नकाशात दोघे सारखेच दिसतात. कोण कुठे ते शेजाऱ्यांवरून ठरवायचे. एमएस्सीला असताना एका प्रथिनात मी असला शेंडा उलटा बसवला आणि ‘इथे प्रतिकर्षण असावे’ म्हणून दोन पाने खरडली. आमच्या सरांनी तो फिरवला, सगळे हायड्रोजन बंध जुळले, आणि एक अक्षर न बोलता ते चहाला गेले. तेव्हापासून बंध दाखवायला संगणकाने काढलेल्या तुटक रेषेवर माझा विश्वास नाही.

त्या ७४८ला अस्परॅजिन काढून अस्पार्टिक आम्ल घातले तर विकराची आवड बदलते, ते टी७च्या नात्यातल्या टी३ विषाणूचा प्रमोटर पसंत करू लागते. का? टी७मध्ये −११ला जी आणि −१०ला ए, टी३मध्ये दोन्हीकडे सी. अस्पार्टिकच्या शेंड्याला दोन्ही ऑक्सिजन, म्हणजे हायड्रोजन घेणारेच, देणारे कोणी नाही. आता सीची मेजर ग्रूव्हमधली कड हाताने काढून बघ. उत्तर मी लिहीत नाही.

बाकी सगळे प्रथिन पडद्यावरून लपव, तेवढी लूप ठेव आणि अंतरे मोजून वहीत लिही. शनिवारी चोडणहून फेरीबोट धरून जेवायलाच ये. वही आण, लॅपटॉप नको. या पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.

तुझे सर