वाचकांचे प्रश्न : पहिले भाड्याचे घर

प्रश्न : मी बडोद्यात रावपुऱ्यातील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि महिन्याला १७,००० रुपये हातात येतात. धाकटा भाऊ महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकतो व शिकवण्या घेऊन सुमारे ३,००० रुपये मिळवतो. आजवर आम्ही दांडिया बाजारात मामांकडे राहत होतो. आता मामेभावाचे लग्न ठरले असल्यामुळे दिवाळीपूर्वी आम्हाला वेगळे बिऱ्हाड करायचे आहे. माझ्याजवळ ३८,००० रुपये शिल्लक आहेत. आम्ही तीन घरे पाहिली : मांजलपूरच्या एका सोसायटीत वन रूम किचन, भाडे ६,५०० आणि मेंटेनन्स ६००, दलालामार्फत, समा भागात नदीपासून जवळ असलेल्या टेनामेंटचा तळमजला, भाडे ५,०००, आणि मांडवीजवळच्या पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या गल्लीत, एका जुन्या घराचा पहिला मजला, भाडे ४,५००, पण संडास-न्हाणीघर मालकांच्या कुटुंबासह सामाईक. डिपॉझिट तिन्हीकडे दोन महिन्यांचे आहे. भावाला मांजलपूरचे घर आवडले आहे. आम्ही कोणते घ्यावे?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : तुम्ही तिन्ही घरांचे भाडे व्यवस्थित लिहिले आहे, परंतु त्या घरात राहायला जाण्याच्या दिवशी आणि त्यानंतर दर महिन्याला एकूण किती पैसे हातातून जातील, हे एकाही घरापुढे लिहिलेले नाही. बेताच्या मिळकतीत बिऱ्हाड ओढाताणीत येते ते बहुधा भाड्यामुळे नव्हे, तर एकरकमी द्याव्या लागणाऱ्या पैशांमुळे. म्हणून आधी तो हिशेब मांडू.

मांजलपूरच्या घरासाठी डिपॉझिट १३,०००, पहिले भाडे ६,५०० आणि दलाली, जी आपल्याकडे पंधरा दिवसांपासून एका महिन्याच्या भाड्यापर्यंत मागितली जाते, ती पूर्ण महिन्याची धरली तर ६,५००, असे २६,००० रुपये पहिल्याच दिवशी जातील. उरलेल्या १२,००० रुपयांत टेम्पो, शेगडी, भांडी, दोन गाद्या आणि पंखा बसवावा लागेल, आणि भावाच्या परीक्षेची फी त्याच महिन्यात आली तर कोणाकडे तरी हात पसरावा लागेल. शिवाय मांजलपूरहून रावपुऱ्याला आणि विद्यापीठात रोज शटल रिक्षाने जायचे म्हटले, तर दोघांचे मिळून महिन्याला दोन हजार रुपये सहज होतात. भाडे, मेंटेनन्स आणि प्रवास मिळून ९,१०० रुपये, आणि लाइट बिल अजून यायचेच आहे. पोळीतल्या घरासाठी पहिल्या दिवशी १३,५०० रुपये पुरतात. तेथून तुम्ही लॅबमध्ये पायी जाऊ शकता आणि भाऊ सायकलने विद्यापीठात जाऊ शकतो. महिन्याला जवळजवळ साडेचार हजारांचा हा फरक तुमच्या पगाराच्या चौथ्या हिश्शाहून अधिक आहे. भावाच्या शिकवणीचे पैसे मी या हिशेबात मुद्दाम धरलेले नाहीत, कारण परीक्षेच्या दिवसांत आणि सुटीत ते थांबतात, भाडे मात्र थांबत नाही. तुमच्या एकट्या पगाराच्या एक तृतीयांशात, म्हणजे साधारण साडेपाच हजारांत, भाडे आणि त्याच्यासोबत येणारे ठरावीक खर्च बसावेत, असे माझे मत आहे.

समा भागातील घर ५,००० रुपयांत मिळते आहे, म्हणजे तेही या मर्यादेत बसते. तरीही ते घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. पाणी ओसरल्यानंतर मी त्या भागात राहणाऱ्या एका मैत्रिणीकडे मदतीला गेले होते. स्विचबोर्डाच्या उंचीवर भिंतीभर गाळाची सरळ रेघ उमटली होती, आणि तिच्या मुलीची सगळी प्रमाणपत्रे पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत एकमेकांना चिकटून लगदा होण्याच्या बेतात होती. ती एकेक सोडवून आम्ही गच्चीवर दोरीला चिमट्यांनी टांगली. दहावीच्या गुणपत्रिकेवरची शाई तरीही गेलीच. घरमालकाने दोन महिन्यांत भिंतींना नवा रंग दिला. भाडेकरूचा फ्रिज, गाद्या आणि कागद मात्र ज्याचे त्यालाच पुन्हा उभे करावे लागले. नदीकाठच्या भागात वरचा मजला मिळत असेल तर गोष्ट वेगळी. तळमजला पाहायचाच झाला, तर ताज्या रंगावर विश्वासून न राहता कपाटामागची भिंत हाताने चाचपावी, मीटरची पेटी अलीकडे वर उचलून बसवली आहे का ते पाहावे, आणि समोरच्या दूधवाल्याला त्या वर्षी पाणी कुठवर आले होते ते विचारावे. मालक सांगणार नाही ते तो सांगतो.

म्हणजे पोळीतले घर राहिले. पण त्यालाही मी डोळे मिटून होकार देणार नाही. जुन्या शहरातील लाकडी पाटांची आणि तुळयांची घरे पावसाळ्यात कोसळतात, आणि म्हणून पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका जीर्ण इमारतींना नोटिसा देते. या घराला तशी नोटीस आलेली नाही ना, हे मालकांना आणि शेजाऱ्यांना, दोघांनाही विचारा. तुळईची टोके जिथे भिंतीत शिरतात, तिथे वाळवीची मातकट रेघ किंवा भुसा दिसतो का ते टॉर्च घेऊन बघा. घर दिवसा एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा, असे दोनदा पाहा, कारण सामाईक संडास तुम्हाला रात्रीही वापरायचा आहे. जिन्यात दिवा आहे का, न्हाणीघराची कडी आतून घट्ट बसते का, सकाळी पाणी किती वाजता येते आणि तुम्हाला सातला निघायचे असेल तर तुमची पाळी कधी येईल, हे मालकीणबाईंशी बसून बोला आणि त्यात संकोच करू नका. त्या घरातल्या बाईशी तुमचे सूर जुळले, तर सामाईक न्हाणीघराची अडचण निम्मी होते. नाही जुळले, तर साडेचार हजारांतही ते घर महाग पडेल. मांसाहार चालतो का, पाहुणे राहिलेले चालतात का आणि रात्री उशिरा परतल्यास बाहेरचा दरवाजा कोण उघडेल, हेही आधीच विचारा.

घर पसंत पडले तरी टोकन म्हणून एक रुपयाही देण्यापूर्वी मालकाच्या नावाचे महानगरपालिकेचे वेरा बिल (घरपट्टीचे बिल) आणि लाइट बिल पाहा. बडोद्यातील पुष्कळ घरांचे मालक परदेशात असतात आणि चावी एखाद्या नातेवाइकाकडे असते. अशा वेळी त्या नातेवाइकाकडे मालकाचे कुलमुखत्यारपत्र असल्याशिवाय त्याच्याशी करार करू नये. करार सहसा अकरा महिन्यांचा होतो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. गुजरातेत १ ऑक्टोबर २०१९ पासून कागदी स्टॅम्प बंद होऊन ई-स्टॅम्प आला आहे. मालकाकडे पडून असलेल्या जुन्या स्टॅम्पपेपरवर नवा करार करू नका. करारात भाडे, डिपॉझिट, ते किती दिवसांत परत मिळेल, सोडण्याची नोटीस किती दिवसांची, अकरा महिन्यांनंतर भाडे किती वाढेल आणि सामाईक जागेच्या वापराचे ठरलेले नियम, हे सगळे शब्दांत लिहिलेले असावे. नोटिशीविषयी करारात काहीच नसेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार महिनेवारी भाड्याला पंधरा दिवसांची नोटीस पुरते, आणि पंधरा दिवसांत दुसरे घर शोधणे किती कठीण असते ते तुम्ही आत्ता अनुभवतच आहात. म्हणून दोन्ही बाजूंनी एक महिना लिहून घ्या.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी मालकाची असते आणि गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरही ही नोंद करता येते. ती झाल्याची प्रत मागून घ्या, कारण पुढे पत्त्याचा प्रश्न निघाला, किंवा पुरानंतर पंचनामे सुरू झाले, तर तुम्ही तिथे राहता हे दाखवणारा तोही एक कागद आहे.

लाइट बिल आपल्याकडे दोन महिन्यांनी येते, म्हणून दर महिन्याला त्याचा अर्धा हिस्सा बाजूला काढत जा. राहायला जाल त्या दिवशी मीटरचे आकडे, भिंतींवरचे डाग, फुटलेली फरशी आणि नळ यांचे फोटो काढून मालकांनाच पाठवा. गॅसचे कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर विकत मिळतो.

भावाला मांजलपूरचे घर का आवडले असेल, हे मी समजू शकते. स्वतःचे न्हाणीघर आणि खिडकीतून येणारा वारा यांची ओढ खोटी नाही. त्याला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. पोळीत अकरा महिने काढून महिन्याला तीन हजार जरी शिल्लक पडले, तरी पुढच्या वर्षी ३३,००० रुपये हाताशी धरून तुम्ही दोघे तसे घर शोधू शकाल.

प्रश्न : आमचे घरमालक भाडे रोखच घेतात आणि पावती देत नाहीत. आता आम्ही घर सोडतो आहोत, तर रंगकामाच्या नावाखाली ते १२,००० रुपयांचे पूर्ण डिपॉझिट कापून घेऊ म्हणतात. काय करावे?
– एक गृहिणी, वाघोडिया रोड

उत्तर : उरलेल्या महिन्यांचे भाडे तुमच्याच खात्यातून यूपीआयने किंवा चेकने द्या आणि त्यात महिन्याचे नाव लिहा. ते रोखीवरच अडून बसले, तर वहीत त्यांची सही घ्या. ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो. राहून राहून फिका पडलेला रंग हे भाडेकरूने केलेले नुकसान नव्हे, आणि करारात तसे लिहिलेले नसेल तर पूर्ण डिपॉझिट कापण्याला आधार नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराच्या डिपॉझिटला दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा घातली आहे, पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय त्याच्या आधारे हक्क सांगता येत नाही. म्हणून भिस्त तुमच्या करारावर ठेवा. घर सोडण्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि ते कोणत्या तारखेपर्यंत हवे, एवढे लिहून पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि चावी देताना घराचे फोटो काढून ठेवा. त्यानंतरही त्यांनी दाद दिली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तेथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी मिळकतीची अट नाही. जाताना करार, बँकेचे उतारे आणि पत्राची पोचपावती सोबत न्या.