बाजार काहून बंद केला होता?

मागच्या अंकात मी ऑक्सिजनच्या चोपडीबद्दल लिहिलं होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी फार्मासिस्ट होतो आणि सिलेंडर किती आले, किती गेले हे लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याची ती गोठ. मला वाटलं इतकी वर्षं झाली, आता कोण वाचते. तर पत्रं अन् व्हॉट्सअॅप मिळून इतकं आलं की संपादक म्हणाले पुढचा कॉलम यावरच करा. निम्म्या पत्रांत शिव्या आहेत, काही मला, काही कलेक्टरला, बाकीच्या टीव्हीवाल्यांना. शिव्या बाजूला काढून प्रश्न तेवढे घेतो.

प्रश्न: १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान झालं, गुलाल उधळला, डीजे वाजला. तेव्हा कोरोना सुट्टीवर गेला होता का? अन् महिनाभरात आमचा आठवडी बाजार बंद. माझी मेथी अन् वांगे वावरातच सडले. बाजार काहून बंद केला होता ते कोणीतरी सांगा. (एक शेतकरी, अचलपूर तालुका)

उत्तर: भाऊ, गुलालाचा मुद्दा बिनतोड आहे, त्याचा बचाव मी करणार नाही. राज्यात १४ हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक त्या हंगामात लागली, अन् २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती अन् तुमचं अचलपूर बंद. दुसऱ्याच दिवशी पोहरादेवीला तेव्हाच्या वनमंत्र्यांसाठी जी गर्दी जमली ती तुम्ही घरी बसून टीव्हीवर पाहिली असेल, कारण तुमचा तर बाजारच बंद होता. एवढं पाहिल्यावर माणूस मास्क नाकावर कायले घेईन?

आता बाजार बंद करणाऱ्याच्या डोक्यात काय होतं ते सांगतो, कारण त्यानं स्वतः तुम्हाला ते सांगितलं नाही. हा विषाणू आज अंगात शिरला तर ताप-खोकला साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी दिसते आणि ज्याला दम लागायचा त्याला तो त्याच्यानंतर आठवड्याभरानं लागते. म्हणजे आज दवाखान्यात जो पेशंट येऊन रायला तो दोन आठवड्यांआधीच्या गर्दीतला. कलेक्टर भरलेला वॉर्ड पाहून बाजार बंद करते, तेव्हा बाजारात कोणी खोकलतही नसते, सगळे ठणठणीत भाव करत असतात, म्हणून लोकांना वाटते याला येड लागलं. पेरणी मृगात झाली अन् ते उगवलेलं आपल्याला आत्ता दिसून रायलं, असा तो प्रकार. ही एवढी एक गोष्ट दवंडी देऊन सांगितली असती तरी निम्मं भांडण मिटलं असतं असं मला आजही वाटते. आदेश पोचला, त्याचं कारण नाही पोचलं.

आणि एका बाबतीत तुम्ही सरळ बरोबर आहात. बाजार भरते उघड्या मैदानात. पहिलं वर्षभर सगळ्यांना सांगितलं गेलं की थेंबांनी पसरते, हात लावल्यानं पसरते, म्हणून आपण घरोघरी खायच्या सोड्याच्या पाण्यात भाजी बुडवत बसलो, नोटांना इस्त्री करणारेही मी पाहिले. कोंदट जागेत हा रोग हवेतून पसरते हे जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ शब्दांत लिहिलं ते एप्रिल २०२१ च्या शेवटी, आपल्याकडे दुसरी लाट डोक्यावरून वाहत होती तेव्हा. त्या हिशोबानं मैदानातले पाल दूर दूर लावून बाजार चालवता आला असता, आणि आधी बंद करायला पायजे होती ती खच्चून भरलेली काळी-पिवळी जीप. एप्रिलमध्ये तर किराणा सकाळी ७ ते ११ केला, म्हणजे दिवसभराची गर्दी चार तासांत कोंबली. लग्नाला २५ माणसं अन् २ तास. आपल्याकडे २ तासांत वरात मारोतीच्या पारापर्यंत पोचत नाही.

तुमच्या मेथीचे पैसे मात्र कोणी देणार नाही.

प्रश्न: बैलजोडी विकली अन् रेमडेसिविरचे ६ इंजेक्शन ब्लॅकनं आणले. लहान भाऊ वाचला. मोठा भाऊ म्हणते इंजेक्शननं वाचला, मी म्हणतो फुकट गेले पैसे. दर दिवाळीला यावरून वाद होते. खरं काय? (केळापूर तालुका)

उत्तर: सहा म्हणजे पुरा कोर्स, पहिल्या दिवशी २ अन् नंतर ४ दिवस एकेक. हे सहा आकडे मी किती लोकांच्या तोंडून ऐकले असतील सांगता येत नाही, लोक खिडकीशी येऊन चिठ्ठी सरकवायचे आणि मी मान हलवायचो.

अमेरिकेतल्या चाचणीत या औषधानं पेशंट बरा व्हायला १५ दिवसांऐवजी १० दिवस लागले, ही त्याची कमाई. जीव वाचते असं तेव्हा पक्कं सिद्ध झालेलं नव्हतं, आणि नोव्हेंबर २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेनं भरती पेशंटला हे देऊ नका असा सल्ला दिला होता (पुढे २०२२ मध्ये आजार सौम्य पण धोका जास्त अशांसाठी त्यांनी मत बदललं, ते वेगळं). म्हणजे आपल्याकडे पोरं नागपूरच्या मेडिकल स्टोअरसमोर रात्रभर रांगेत होते तेव्हा तो सल्ला पाच महिने जुना झाला होता. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला या इंजेक्शनच्या वाटपात हात घालावा लागला. मे मध्ये वर्ध्यात ते बनायला लागलं तर आम्हाला सण झाल्यासारखं वाटलं, मला पण, खोटं कायले बोलू.

ज्या औषधानं ऑक्सिजनवरच्या पेशंटचे जीव वाचतात हे खरंच सिद्ध झालं होतं ते म्हणजे डेक्सामेथासोन. इंग्लंडच्या मोठ्या चाचणीचा निकाल जून २०२० चा: ऑक्सिजनवरच्यांमध्ये मृत्यू पाचव्या हिश्शानं कमी, व्हेंटिलेटरवरच्यांमध्ये तिसऱ्या हिश्शानं. किंमत काही रुपये. ते माझ्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात खोक्यानं पडलेलं होतं, त्याच्यासाठी कोणी रांग लावली नाही, कोणत्या चॅनलनं त्याचा फोटो दाखवला नाही, कारण जे मिळते त्याची बातमी होत नाही. आणि ज्याला ऑक्सिजन लागत नव्हता त्याला त्याचा फायदा नव्हता, तरी काही जणांनी पहिल्याच दिवशी घरी खाल्लं, शुगर वाढली, मग काळ्या बुरशीची भानगड.

तुमच्या भावाचे केस पेपर घरात असतील तर काढून बघा, त्यात डेक्सा लिहिलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. मोठ्या भावाला दाखवा, बैलजोडीचं नाव काढू नका.

प्रश्न: चॅनलवाल्यांनी भीती घालून घालून निम्मे लोक मारले. तुमच्यासारखे पण तेच उगाळतात. (एक तरुण, दर्यापूर)

उत्तर: भीती घातली हे कबूल. जळत्या चितांवर तेच तेच संगीत लावून दिवसभर दाखवणं म्हणजे बातमी नाही. पण बाबू, आकडा फुगवला म्हणशील तर गोष्ट उलटी आहे. २०२१ संपेपर्यंत देशाचा सरकारी आकडा ४ लाख ८० हजारांच्या आसपास होता, अन् मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं अंदाज दिला तो ४७ लाखांचा. आपल्या सरकारनं ती मोजायची पद्धतच मान्य केली नाही, तो वाद आहे तसाच आहे. आवाज जास्त होता, माहिती कमी होती.

मला राग वेगळ्या गोष्टीचा आहे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये कोरोना तबलिगींनीच पसरवला म्हणून टीव्हीवर जे चाललं त्याचा परिणाम मी गावात पाहिला. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा बांगड्यावाला चाचा, त्याला गावाच्या शिवेवर पोरांनी लाकडं आडवी टाकून परत पाठवलं, त्याच्या सायकलवरची पेटी उघडीसुद्धा नाही झाली. ऑगस्टमध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि मीडियानं चालवलेल्या अपप्रचारावर ताशेरे ओढले. ती बातमी आमच्या पोरांच्या ग्रुपवर नाही आली.

तालुक्याच्या वार्ताहरांबद्दल मात्र वाईट बोलू नको. एप्रिल २०२१ मध्ये वणीत दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर पिऊन माणसं गेली ते जगाला त्यांच्यामुळेच कळलं. बंदीचा हा पण एक हिशोब होता, तो कोणत्या आदेशात लिहिलेला नव्हता.

प्रश्न: माझ्या मालकांना घेऊन आम्ही रात्री गेलो, आत दोन पलंग रिकामे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, तरी बेड नाही म्हणून पुढं पाठवलं. रस्त्यातच गेले. दीर म्हणतात पैसेवाल्यासाठी ठेवले होते. तुम्ही दवाखान्यातले, तुम्हीच सांगा. (एक भगिनी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्या दवाखान्याची वकिली मला करायची नाही. पलंग अन् बेड या दोन गोष्टींत काय अंतर होतं तेवढं सांगतो, कारण ते आम्ही लोकांना दारातच सांगायला पायजे होतं अन् सांगितलं नाही.

मोठा जंबो सिलेंडर असते त्यात ७ घनमीटर म्हणजे ७ हजार लिटर ऑक्सिजन. पेशंटला मिनिटाला १० लिटर लावला तर ७०० मिनिटं, साडेअकरा तास. १५ लिटर लागला तर आठ तासही नाही. नाकातून जोरात देणारी ती मशीन ६० लिटर ओढायची, तिच्यावर सिलेंडर दोन तासांत खल्लास. समजा वॉर्डात २० जण १० लिटरवर आहेत, तर दिवसाला ४१ सिलेंडर पायजेत. आमच्याकडे छोट्या हत्तीत (लहान मालगाडी टेम्पोत) एका वेळी जितके यायचे ते उतरवले की तीच गाडी रिकामे घेऊन परत रिफिलिंगला पळायची, आणि प्लँटवर आधीच चार तालुक्यांच्या गाड्या लागलेल्या. विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपूरला पोचली ती २३ एप्रिलला, त्याच्याआधीचे दिवस कसे काढले ते चोपडीत आहे.

रात्री दीड-दोनच्या सुमारास सिलेंडरच्या मीटरचा काटा लाल पट्टीत यायचा. सिलेंडर तिरपा करून बुडावर फिरवत फिरवत आणायचा, पान्ना एकच, तो सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधून ठेवलेला कारण हरवला तर संपलं. रिकाम्यावर मी खडूनं फुली मारायचो. वॉर्डात सिस्टर एक, तिच्या अंगावर ते प्लास्टिकचं किट, घामानं हातमोज्यात पाणी साचलेलं. अशा वेळी पलंग असते, गादी असते, चादरसुद्धा असते, पण त्याच्या डोक्याशी लावायला भरलेला सिलेंडर नसते, अन् असला तर त्याचा काटा बघायला माणूस नसते. त्याला आम्ही दारात एका शब्दात “बेड नाही” म्हणत होतो.

आणि पैसेवाल्यासाठी पलंग राखून ठेवायचे प्रकार कुठंच झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. म्हणूनच कागद मागायचा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमाप्रमाणे नातेवाइकानं मागितले तर डॉक्टरनं ७२ तासांत केस पेपर द्यायला पायजेत, पण जपून ठेवायची सक्ती तीनच वर्षांची आहे, ती मुदत गेली. तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्या रात्रीच्या रजिस्टरमध्ये तुमच्या मालकांची नोंद आहे की नाही एवढं कळलं तरी दिराशी बोलायला काही हातात येईल.

प्रश्न: खासगीत दर ठरले होते ना? मग दीड लाखाचं बिल कसं? (पुसद)

उत्तर: ठरले होते. मे २०२० च्या आदेशात साधा वॉर्ड दिवसाला ४ हजार, आयसीयू साडेसात हजार, व्हेंटिलेटरसह ९ हजार. जून २०२१ पासून लहान गावांसाठी २४००, ४५०० अन् ५४०० केले, लाट ओसरत आल्यावर. किट अन् महागडी औषधं त्या दराच्या बाहेर होती, बिल तिथंच फुगायचं. कच्चं बिल असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

प्रश्न: तुमची ती चोपडी आता कुठं आहे? (तीन-चार जणांनी विचारलं)

उत्तर: रिटायर व्हायच्या आधी ऑफिसात जमा केली, पोच माझ्याजवळ आहे. १९ एप्रिलच्या पानावर चहाचा गोल डाग आहे अन् त्याच्या खाली माझं अक्षर नाही, आमच्या शिपायाचं आहे, त्या रात्री मलाच ताप भरला होता. शेवटच्या पानावर “१४ रिकामे परत येणे बाकी” असं लिहिलं आहे. ते अजून बाकीच आहेत.