नवीन टाकीत सोडल्यावर निऑन टेट्रांचा रंग का उडतो?

तुम्ही लिहिलंय की नागपूरच्या सीताबर्डीवरच्या दुकानात झगमगणारे निऑन टेट्रा घरी आणून सोडले आणि तासाभरात निळा पट्टा विझला, लाल रंग गुलाबीसर झाला; मासे आजारी आहेत की दुकानदाराने फसवलं? बहुतेक दोन्ही नाही. टाकीत पांढरे खडे टाकलेत असंही तुम्हीच सांगितलंय. माझा पहिला संशय त्या खड्यांवर आहे.

माशाच्या कातडीत रंगाचे कण भरलेल्या पेशी असतात. कण पेशीभर पसरले की मासा गडद दिसतो, मधोमध गोळा झाले की फिका पडतो. हे चेतातंतू आणि हार्मोन यांच्या हुकमाने चालतं, त्यामुळे घाबरलेला मासा मिनिटाभरातही रंग टाकू शकतो. निऑनच्या निळ्या पट्ट्यात तर निळा रंग नसतोच. तिथल्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे पातळ स्फटिक थरांनी रचलेले असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश आपल्याला निळा दिसतो. थरांमधलं अंतर बदललं की पट्टा बदलतो. पहाटे, टाकीचा दिवा लावल्या लावल्या बघा; जुने, धडधाकट निऑनही तेव्हा मळकट दिसतात आणि थोड्या वेळाने उजळतात.

आता खडे. माशाचा डोळा वरून येणारा उजेड आणि तळावरून परतणारा उजेड यांची तुलना करत असतो. तळ पांढरा असला की शरीर फिकं पडतं, म्हणजे वरून बघणाऱ्या शत्रूला मासा उठून दिसू नये. निऑन मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथे तळाशी कुजलेली पानं आणि बऱ्याच ठिकाणी चहासारखं तांबूस पाणी. पांढऱ्या तळावर तो आठवडेच्या आठवडे राहिला तर रंगपेशींची संख्याच कमी होत जाते. दुकानं पांढरे आणि निळे खडे का खपवतात ते मला कळत नाही. काळी किंवा गडद तपकिरी वाळू घाला, मागच्या काचेला काळा कागद लावा, थोडी झाडं लावा. देशी बदामाचं (टर्मिनॅलिया कटप्पा) गळलेलं, वाळलेलं पान स्वच्छ धुऊन टाकलं तर पाण्याला हलका तांबूस रंग येतो आणि या माशांना ते मानवतं. फवारणी झालेल्या किंवा रस्त्याच्या धुरातल्या झाडाचं मात्र घेऊ नका. शिवाय दुकानातली ट्यूब अनेकदा गुलाबीसर असते, तिच्याखाली लाल-निळं जरा जास्तच खुलतं.

प्रवासाचाही भाग आहेच. कोलकाता, चेन्नई, मुंबई ही या धंद्याची मोठी केंद्रं, आणि तिथून नागपूर म्हणजे मासा तासन्‌तास बंद पिशवीत. वरून दुकानाची टाकी, पुन्हा पिशवी, मग तुमचं घर. पहिल्या दिवशी दिवा बंद ठेवा, खाणं दुसऱ्या दिवशी आणि तेही चिमूटभर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा पाणी बदलताना अँटिक्लोरीन विसरू नका. निळं औषध (मिथिलीन ब्लू) ‘असू द्या’ म्हणून ओतायची घाई नको; रंग उडणं हा स्वतः आजार नाही.

मी रंगापेक्षा कल्ले बघतो. मासा वर येऊन धापा टाकतोय, कल्ले लालभडक झालेत, तर अमोनिया तपासा. टाकी नवीकोरी असेल तर हीच शक्यता मोठी, कारण अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण चार-सहा आठवडे लागतात. मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आले तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. आणि लाल पट्ट्यात एकाच जागी पांढरा डाग पडून तो वाढत चालला तर तो मासा लगेच वेगळा काढा, कारण ‘निऑन टेट्रा डिसीज’ नावाच्या या रोगावर खात्रीचा इलाज नाही. मे महिन्यात हाच प्रश्न विचारला असता तर मी आधी थर्मामीटर बघायला सांगितलं असतं. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत टाकीचं पाणी तिशीपार जातं आणि त्यात प्राणवायू कमी मावतो.

फसवणुकीचं म्हणाल तर ती होते, पण दुसऱ्या माशात. अंगावर भडक गुलाबी-हिरव्या रेघा असलेला पारदर्शक ग्लासफिश दिसला तर तो रंग बहुधा सुईने टोचून भरलेला असतो. काही महिन्यांत तो उडतो आणि परत येत नाही. तो घेऊ नका.