रोध म्हणजे अडथळा नव्हे, काठ

वडोद्याच्या दांडिया बाजारातून एका आईंनी विचारलं आहे. मुलगा दहावीला, गुजराती माध्यमात. त्याच्या पुस्तकात विजेच्या रेझिस्टन्सला 'अवरोध' आहे. शिकवणीचे सर हिंदीतून 'प्रतिरोध' सांगतात, आणि घरी आजोबा 'रोध' म्हणतात. मराठीत बरोबर काय, आणि व्होल्टेज व करंट दिले असता तो रोध आणि पॉवर काढायची कशी?

आजोबा बरोबर आहेत. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत 'रोध' हाच शब्द आहे. व्होल्टला अँपिअरने भागा, ओहममध्ये रोध येतो. व्होल्टला अँपिअरने गुणा, वॅटमध्ये पॉवर येते. पुस्तकात तिला विद्युतशक्ती म्हणतात. गणित एवढंच.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. 'रोध म्हणजे अडथळा, म्हणून जितका रोध जास्त तितकी इस्त्री जास्त तापते' हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकतो आहे. शब्दाचा अर्थ अर्धाच धरला की विज्ञानही अर्धंच कळतं.

'रुध्' या धातूचा अर्थ अडवणं, हे सगळ्यांना माहीत असतं. विरोध, निरोध त्यातलेच. आपला 'कंठ रुंधला' मधला रुंधणे हाही त्याच घरातला, प्राकृताच्या वाटेने आलेला. (रुंदीतला 'रुंद' मात्र वेगळा, त्याला या कुळात ओढू नये.) पण संस्कृतात 'रोधस्' असा एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ नदीचा काठ! अमरकोशात कूल, तीर, तट यांच्याच रांगेत तो बसला आहे. नदीला 'रोधस्वती' म्हणतात, म्हणजे काठ असलेली. आता मराठीत करंटला काय म्हणतो ते आठवा: धारा. एकीकडे धारा, दुसरीकडे रोध. पाण्याची धार आणि तिचा काठ! ही जोडी ज्याला दिसली त्याला प्रतिरोध रुचणार नाही.

काठ पाण्याला थांबवत नाही. किती पाणी कुठून जाईल, हे तो ठरवतो. ज्यांनी 'रोध' निवडला त्यांच्या मनात हा काठ होता असं मी मानतो. परिभाषेवर अधिकाराने बोलणारे काहीजण हे मानत नाहीत. 'प्रति' लावल्याशिवाय विरोधाचा अर्थ पुरा होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणतो, तो अर्थ पुरा व्हायलाच नको आहे. तारेला विजेशी वैर नाही. आणि 'रुध्' आला की अडवणूक आलीच, हेही खरं नाही: 'त्या अनुरोधाने' म्हणतो तेव्हा आपण 'त्याला धरून' असंच म्हणत असतो ना? गुजरातीतल्या 'अवरोधा'शी माझं भांडण नाही, तिथे तो रुळला आहे. फक्त संस्कृत काव्यात अवरोध म्हणजे राजाचं अंतःपुर, हे मुलाला एकदा जरूर सांगा. शब्द विसरणार नाही.

पावसाळ्यात वडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पुलावर उभं राहणाऱ्याला काठाचं हे काम समजावून सांगावं लागत नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये पाण्याने काठ मानले नाहीत, तेव्हा शहराचं काय झालं ते आपण पाहिलं.

आता इस्त्रीकडे. घरचा दाब, म्हणजे व्होल्टेज, २३० व्होल्ट, इस्त्री ५ अँपिअर घेते. २३० भागिले ५, रोध ४६ ओहम. २३० गुणिले ५, पॉवर ११५० वॅट. आता दुप्पट रोधाची, ९२ ओहमची इस्त्री लावा. धारा अडीच अँपिअर, पॉवर ५७५ वॅट. रोध दुप्पट झाला आणि ताप निम्म्यावर आला, कारण दाब तोच आहे आणि चिंचोळ्या पात्रातून धारा कमी वाहते. पहिल्याच इस्त्रीला दाब २०० व्होल्टच मिळाला तर? तार तीच, रोध जवळपास तोच, धारा ४.३५ अँपिअरवर येते आणि पॉवर सुमारे ८७० वॅट. ओहमने १८२७ साली छापलेला नियम हाच: तापमान बदललं नाही तर दाब आणि धारा यांचं गुणोत्तर बदलत नाही. ते गुणोत्तर म्हणजे रोध.

मग प्लगची सैल पिन का तापते? कारण तिथे वाट एकच असते. पिनेतून आणि इस्त्रीतून तीच धारा जाते, आणि धारा सारखी असली की जिथे रोध जास्त तिथे ताप जास्त. सैल पिनेच्या जोडात रोध वाढलेला असतो. आधी वाट पाहावी, मग बोलावं.

आणि मुलाला 'तासाला ११५० वॅट' म्हणू देऊ नका. काळ वॅटमध्येच मुरलेला आहे. वॅट म्हणजे सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा. हजार वॅट तासभर वापरले की एक युनिट. तीच इस्त्री २३० व्होल्टवर अखंड तासभर तापत राहिली तर १.१५ युनिट, आणि लाईटबिलात येतात ती युनिटं.